क्रॅनबेरीच्या डब्यावर नेमका कोणता आकडा पाहायचा?

काउंटरमागून:

"सारखी उन्हाळी लागते, ते क्रॅनबेरीचं काहीतरी द्या" असं सांगत येणारी गिऱ्हाइकं हल्ली वाढली आहेत. बहुतेकींकडे चिठ्ठी नसते. रॅकवर तीन तऱ्हेचा माल आहे. ब्रँड लिहीत नाही, लेबलवरचा मजकूर तेवढा उतरवतो.

अ. कॅप्सूल: क्रॅनबेरी अर्क ५०० मिग्रॅ, २५:१, "ताज्या फळाच्या १२,५०० मिग्रॅइतका", सोबत व्हिटॅमिन सी. दिवसाला एक.

आ. गोळी: क्रॅनबेरी अर्क ३०० मिग्रॅ, "प्रोअँथोसायनिडिन २५ टक्के", डी-मॅनोज (एक साधी साखर) ६०० मिग्रॅ. दिवसाला एक.

इ. सिरप: ५ मिलिमध्ये पोटॅशियम मॅग्नेशियम सायट्रेट ९७८ मिग्रॅ, डी-मॅनोज ३०० मिग्रॅ, क्रॅनबेरी अर्क २०० मिग्रॅ. १० मिलि पाण्यात घालून दिवसातून दोनदा किंवा तीनदा.

सगळ्यात जास्त खपतं ते इ. चव बरी आणि जळजळ लवकर थांबते म्हणून. माझे प्रश्न असे: यातलं कशाला खरोखर क्रॅनबेरीचा डोस म्हणता येईल? लेबलवर मिलिग्रॅम पाहायचे, टक्के पाहायचे की ते २५:१ प्रमाण? कुणाला द्यायचं आणि कुणाला सरळ डॉक्टरकडे पाठवायचं? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मुतखडा, डायबेटिस यांचं काय? कंपनीच्या एमआरकडून (विक्री प्रतिनिधीकडून) माहितीपत्रक मिळतं, उत्तर मिळत नाही, म्हणून इथे विचारतोय.

---

चाचणीनळी:

लेबलपुरतं मी सांगतो, औषधोपचाराचं डॉक्टर मंडळी सांगतील.

क्रॅनबेरीचे मिलिग्रॅम विसरा. कामाचा घटक म्हणजे ए-प्रकारची प्रोअँथोसायनिडिन, यापुढे पॅक म्हणतो. ई. कोलाय या मूत्रसंसर्गाच्या नेहमीच्या जंतूच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात. त्यातले पी-तंतू मूत्रमार्गाच्या अस्तरातल्या पेशींना धरून बसतात, आणि पॅकमुळे ही पकड सैल होते. जंतू मरत नाही, त्याला चिकटता येत नाही, मग तो लघवीबरोबर वाहून जातो. संशोधनात मापदंड म्हणून जो आकडा रूढ झाला तो रोज ३६ मिग्रॅ पॅकचा. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २००४ मध्ये याच आकड्याला धरून दावा मान्य केला होता. युरोपच्या यंत्रणेने पुढे २००९ मध्ये असाच दावा पुराव्याअभावी फेटाळला, तेही लक्षात असू द्या.

आता तुमचा अ. २५:१ म्हणजे २५ किलो फळापासून १ किलो अर्क. फळाचं वजन बहुतांशी पाण्याचंच असतं, त्यामुळे पाणी उडवलं की हे प्रमाण आपोआप मोठं दिसतं. अर्कात पॅक किती उरलं ते त्यातून कळत नाही. आख्ख्या फळाच्या भुकटीत पॅक साधारण १ ते १.५ टक्के. तसला माल असेल तर ५०० मिग्रॅच्या कॅप्सूलमध्ये ५ ते ७.५ मिग्रॅ, म्हणजे ३६ गाठायला रोज पाच ते सात कॅप्सूल. डब्यावर पॅकचा उल्लेखच नसेल तर तो शून्य धरून चालायचं, निदान मी तरी तसंच धरतो.

आ कागदावर चांगला दिसतो: ३०० मिग्रॅच्या २५ टक्के म्हणजे ७५ मिग्रॅ. पण हा टक्का कोणत्या पद्धतीने मोजला? मेख इथे आहे. जुन्या यूव्ही (अतिनील किरणांच्या) पद्धतीत इतर पॉलिफेनॉलही, म्हणजे पॅकसारखी इतर वनस्पतिद्रव्यंही, मोजली जातात आणि आकडा फुगतो. क्रॅनबेरीसाठी मान्य पद्धत डीमॅक: ४-डायमिथिलअमिनोसिनमाल्डिहाइड मिसळलं की पॅकबरोबर निळसर हिरवा रंग येतो, तो ६४० नॅनोमीटरला वाचायचा आणि प्रोसायनिडिन ए२ या प्रमाणित द्रव्याशी ताडायचा. ३६ मिग्रॅचा आकडा या पद्धतीतला आहे. त्याच भुकटीचा यूव्हीने २५ टक्के आणि डीमॅकने त्याच्या एका अंशाइतका निकाल येऊ शकतो. एमआरला एवढंच विचारा: "पॅक किती मिग्रॅ आणि डीमॅकने मोजलंय का, बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र दाखवा." प्रमाणपत्रावर पद्धतीचा रकाना असतो. तो रिकामा असेल किंवा नुसतं "इन-हाउस" लिहिलं असेल तर काय समजायचं ते समजा.

"पॉलिफेनॉल ३० टक्के" किंवा "अँथोसायनिन १० टक्के" हे पॅक नव्हे. अँथोसायनिन म्हणजे लाल रंग. लाल रंग दाखवून विकणं सोपं असतं.

डीमॅकलाही चकवता येतं. ही पद्धत ए आणि बी प्रकारात फरक करत नाही, त्यामुळे द्राक्षबियांचा स्वस्त अर्क मिसळला तरी आकडा छान येतो. द्राक्षबियांतलं पॅक बी-प्रकारचं, त्याचा इथे उपयोग नाही. त्याहून लबाडीचं काम म्हणजे शेंगदाण्याच्या टरफलाखालची लाल साल. तिच्यात ए-प्रकारचंच पॅक असतं, म्हणून पकडायला अवघड जातं. शिवाय शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या माणसाच्या पोटात ते नकळत जाणार. पकडायचं तर एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) अँथोसायनिनचा ठसा पाहतात: क्रॅनबेरीत सायनिडिन आणि पिओनिडिनचे गॅलॅक्टोसाइड व अरॅबिनोसाइड ठरावीक प्रमाणात दिसतात. काउंटरवर हे करता येत नाही, पण प्रमाणपत्रात "ओळख: एचपीएलसी किंवा एचपीटीएलसी" अशी नोंद आहे का ते वाचता येतं.

डब्यावर व्हॅक्सिनियम मॅक्रोकार्पन हे वनस्पतीनाव आणि १४ आकडी फूड सेफ्टी परवाना क्रमांक हवा. हा माल औषध म्हणून नव्हे, पूरक आहार म्हणून विकला जातो. "औषधी वापरासाठी नाही" हे वाक्य डब्यावर असतंच, आणि "इन्फेक्शन बरं करतं" असा दावा कुणी छापला असेल तर तो नियमाबाहेरचा आहे.

---

आंबटचिंबट:

एवढं रसायनशास्त्र कशाला? क्रॅनबेरी आंबट, त्यामुळे लघवी आम्लधर्मी होते आणि जंतू मरतात, असंच आम्ही शिकलो. मग कोकम, लिंबू, आवळा काय वाईट?

---

चाचणीनळी:

ती जुनी समजूत आहे. क्रॅनबेरीतल्या क्विनिक आम्लाचं शरीरात हिप्युरिक आम्ल होतं आणि त्याने जंतू आटोक्यात राहतात असं पूर्वी मानत. पण माणसाला पिववेल इतक्या रसाने लघवीचा पीएच त्या पातळीला जात नाही. १९८४ मध्ये चिकटण्याला अडथळा येतो हे प्रयोगात दिसलं आणि तेव्हापासून विचाराची दिशा बदलली. लिंबातल्या सायट्रेटने तर लघवी उलट अल्कधर्मी व्हायला मदत होते. कोकम सरबत उन्हाळ्यात जरूर प्यावं, पाणी पोटात जातं हाच त्याचा मोठा फायदा.

---

निशिगंध_यूरो:

लेबलचा विषय वर झाला. आता कुणाला द्यायचं ते.

आधी "वारंवार" म्हणजे काय ते ठरवू: सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन वेळा संसर्ग, आणि त्यातला निदान एखादा तरी कल्चरने, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून, सिद्ध झालेला. वर्षातून एकदा जळजळ झाली म्हणून वर्षभर कॅप्सूल खाण्यात अर्थ नाही.

पुराव्याचा प्रवास नागमोडी आहे. १९९४ मध्ये बोस्टनला १५३ वृद्ध स्त्रियांना रोज ३०० मिलि क्रॅनबेरी पेय दिलं, तेव्हा लघवीत जंतू आणि पस सेल्स (पूपेशी) एकत्र सापडण्याचं प्रमाण कमी झालं. लोकांना आशा वाटली. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात (सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या) २४ अभ्यास एकत्र केले तर फायदा ठोस दिसला नाही. २०२३ च्या आढाव्यात अभ्यास ५० झाले, माणसं ८,८५७, आणि चित्र बदललं: वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी, मुलांत सुमारे ५४ टक्क्यांनी. मूत्राशयाला रेडिएशनसारखे उपचार घेतलेल्यांतही घट दिसली. पण वृद्धाश्रमातल्या वृद्धांना, गर्भवतींना आणि मज्जारज्जूच्या दुखण्यामुळे मूत्राशय नीट रिकामं न होणाऱ्यांना फायदा दिसला नाही. वृद्धाश्रमातल्या स्त्रियांवर २०१६ मध्ये रोज ७२ मिग्रॅ पॅक वर्षभर देऊनही काही फरक पडला नव्हता, म्हणजे तिथे डोस कमी पडला असं म्हणायलाही जागा नाही.

२६ टक्के ऐकायला भारदस्त वाटतं. काउंटरवर असं सांगा: अशा शंभर बायकांपैकी एरवी पन्नास जणींना पुन्हा संसर्ग होणार असेल, तर क्रॅनबेरी घेऊन सदतीस जणींना होईल. तेराजणी वाचतात, सदतीस जणी गोळ्या खाऊनही आजारी पडतात. म्हणून "हे घ्या, परत होणार नाही" असं कधीही म्हणू नका.

डोसचा मुद्दा २०११ च्या डच अभ्यासात चांगला दिसतो. पाळी न गेलेल्या २२१ स्त्रिया, एका गटाला रोज कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक ४८० मिग्रॅ, दुसऱ्याला क्रॅनबेरी ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, वर्षभर. अँटिबायोटिक जिंकलं: सरासरी १.८ संसर्ग, क्रॅनबेरीत ४.०. पण त्या कॅप्सूलमध्ये दर ग्रॅमला ए-प्रकारचं पॅक ९.१ मिग्रॅच होतं, म्हणजे दिवसाला ३६ च्या चौथ्या हिश्शाइतकं. आणि अँटिबायोटिक घेणाऱ्यांच्या ई. कोलायमध्ये महिन्याभरातच प्रतिकार प्रचंड वाढला. आपल्याकडे फ्लोरोक्विनोलोन (सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली अँटिबायोटिक) आणि कोट्रायमॉक्साझोलची आधीच काय अवस्था झाली आहे ते कल्चरचे रिपोर्ट वाचणाऱ्याला माहीत आहे. क्रॅनबेरीचा विचार करायचा तो यासाठी. फायदा बेताचा, पण अँटिबायोटिकची एखादी खेप तरी टळते.

वेळ: परिणाम पहिल्या काही तासांत जास्त असतो आणि चोवीस तासांत ओसरत जातो. त्यामुळे ३६ मिग्रॅ एकदम घेण्यापेक्षा सकाळी आणि झोपताना विभागून घेणं मी पसंत करते. तीन ते सहा महिने घ्यायचं, या काळात संसर्गाची संख्या आधीइतकीच राहिली तर बंद. "काही अपाय नाही ना, मग चालू ठेवा" हे धोरण फक्त विक्रेत्याच्या फायद्याचं.

क्रॅनबेरीच्या आधी करायच्या दोन गोष्टी, ज्यांचा पुरावा तिच्याहून जड आहे:

पाणी. रोज दीड लिटरपेक्षा कमी द्रव घेणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जादा पाणी प्यायला लावलं, तर वर्षात सरासरी ३.२ च्या जागी १.७ वेळा संसर्ग झाला. २०१८ चा अभ्यास. हे फुकट आहे. अडचण वेगळीच: बाजारपेठेत काम करणारी, लोकलने दोन तास जाणारी बाई पाणी पीत नाही, कारण स्वच्छतागृह नाही किंवा जाण्यासारखं नाही. मुंबईत "राइट टू पी" मोहीम उभी राहिली ती उगाच नाही. तिला "पाणी प्या" म्हणताना "जाणार कुठे" हेही विचारा.

पाळी गेलेल्या स्त्रिया. यांना क्रॅनबेरी विकण्याआधी योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमसाठी डॉक्टरकडे पाठवा. १९९३ च्या अभ्यासात इस्ट्रिऑल ०.५ मिग्रॅ दोन आठवडे रोज रात्री आणि पुढे आठवड्यातून दोनदा दिल्यावर वर्षाला ५.९ वरून ०.५ संसर्गापर्यंत फरक दिसला होता. हार्मोनच्या नावाने घाबरून बायका ते लावत नाहीत आणि महागडे डबे घेत राहतात. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर मात्र कर्करोगतज्ज्ञाला विचारूनच.

डी-मॅनोज: कल्पना चांगली, तोही दुसऱ्या प्रकारच्या तंतूंना अडकवतो. पण २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये ५९८ स्त्रियांना रोज २ ग्रॅम सहा महिने देऊन पाहिलं, तर ५१ टक्के जणींना पुन्हा संसर्गाच्या तक्रारीसाठी डॉक्टर गाठावा लागला आणि तुलनेसाठी दुसरी साखर दिलेल्या गटात ५५.७ टक्के जणींना, म्हणजे फरक नाही. तुमच्या गोळीत ६०० मिग्रॅ आहे. त्यासाठी जास्तीचे पैसे कुणाला द्यायला लावू नका.

सरळ डॉक्टरकडे: ताप-थंडी, कमरेच्या बाजूला दुखणं, उलट्या, लघवीतून रक्त, गर्भवती, पुरुष, लहान मूल, कॅथेटर, किडनी बदललेली व्यक्ती. यांना कोणताही डबा देऊ नका.

---

दोन_वेळा_जेवणानंतर:

इ या सिरपबद्दल कुणी बोललं नाही, खरी काळजी त्याचीच आहे.

ते क्रॅनबेरीचं औषध नव्हेच. ते मुतखड्याच्या रुग्णांसाठीचं अल्कलायझर (लघवी अल्कधर्मी करणारं औषध) आहे, क्रॅनबेरी शोभेपुरती. जळजळ थांबते ती सायट्रेटने, जंतू तिथेच असतात. रुग्णाला बरं वाटतं, तो कल्चर करत नाही, आणि चार दिवसांनी ताप घेऊन येतो.

आता हिशेब. ९७८ मिग्रॅ पोटॅशियम मॅग्नेशियम सायट्रेट म्हणजे सुमारे ७ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम, जवळपास २७० मिग्रॅ. १० मिलि दिवसातून दोनदा म्हणजे २८ मिलिइक्विव्हॅलंट, साधारण १.१ ग्रॅम. तीनदा घेतलं तर ४२. निरोगी किडनीला हे झेपतं. पण साठीतली बाई, बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन, क्रिएटिनिन १.८ (म्हणजे किडनी मंदावलेली), वर रोज नारळपाणी, आणि त्यात हे सिरप: पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडण्याची ही सरळ वाट आहे. बीपीच्या गोळीचं नाव आणि क्रिएटिनिन विचारल्याशिवाय इ देऊ नये. कोट्रायमॉक्साझोल चालू असेल तर आणखी सावध, कारण त्यातला ट्रायमेथोप्रिमही पोटॅशियम वाढवतो.

दुसरी गफलत औषधांच्या जोडीची. डॉक्टरने नायट्रोफ्युरँटॉइन हे मूत्रसंसर्गाचं अँटिबायोटिक लिहिलेलं असतं, ते आम्लधर्मी लघवीत चांगलं काम करतं, आणि आपण सोबत अल्कलायझर देतो. मेथेनामिन हिप्युरेट या संसर्ग टाळायच्या औषधाचं तर आणखी वाईट: पीएच ६ च्या खाली असेल तरच त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटतं, अल्कलायझर दिलं की औषध वाया. हे मेथेनामिन २०२२ च्या ब्रिटिश अभ्यासात १ ग्रॅम दोनदा या डोसने रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीचं ठरलं होतं, त्यामुळे त्याच्या चिठ्ठ्या आता दिसू लागतील, लक्षात ठेवा. सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर लघवी फार अल्कधर्मी झाली तर औषधाचे स्फटिक पडू शकतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: वॉरफरिनबद्दल ब्रिटनच्या औषध यंत्रणेने २००३ आणि २००४ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. पुढे रोज एक पेला रस देऊन केलेल्या नियंत्रित अभ्यासांत आयएनआरवर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या मापावर) लक्षणीय परिणाम दिसला नाही. पण कॅप्सूलमधला अर्क रसापेक्षा दाट असतो, आणि आपल्याकडे वॉरफरिनपेक्षा असेनोकुमारॉल जास्त चालतं. माझा नियम: कृत्रिम झडप बसवलेल्याला काउंटरवरून क्रॅनबेरी नाही. डॉक्टरने सांगितलंच असेल तर सुरू केल्यावर आठवड्याने आणि बंद केल्यावर आठवड्याने आयएनआर. आणि अशा रुग्णाला संसर्गासाठी कोट्रायमॉक्साझोल लिहिलेलं दिसलं तर आधी फोन उचला, त्याने आयएनआर क्रॅनबेरीपेक्षा कितीतरी जोरात चढतो.

मुतखडा: २००१ मध्ये पाच निरोगी माणसांना आठवडाभर क्रॅनबेरीच्या गोळ्या दिल्या, लघवीतलं ऑक्झलेट सरासरी ४३ टक्क्यांनी वाढलं. अभ्यास चिमुकला आहे, पण कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे झालेल्याला मी गोळ्या देत नाही. अ मध्ये वर व्हिटॅमिन सी आहे, त्याचंही शरीरात काही प्रमाणात ऑक्झलेटच होतं. म्हणजे खडेवाल्यासाठी अ सगळ्यात वाईट.

---

पेट्रीडिश:

कल्चरबद्दल दोन शब्द, कारण वर "सिद्ध झालेला संसर्ग" म्हटलंय आणि निम्मे नमुने वाया जातात ते घेण्याच्या पद्धतीमुळे.

अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना. हात धुऊन, जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवायची, डेटॉल-सॅव्हलॉन नको, ते डबीत उतरलं तर जंतू वाढतच नाहीत. सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली धार निर्जंतुक डबीत, शेवटची परत सोडायची. डबीच्या आतल्या बाजूला बोट नको. दोन तासांत लॅबमध्ये, नाहीतर फ्रिजमध्ये ४ अंशांवर, जास्तीत जास्त चोवीस तास. घरून आणून दुपारभर पर्समध्ये राहिलेल्या डबीत काय वाढेल ते संसर्गाचं नसतं. रिपोर्टवर "मिश्र वाढ, तीनपेक्षा जास्त प्रकार" आलं तर नमुना बिघडला, पुन्हा द्या. त्यावर औषध ठरवू नका.

मिलिलिटरला एक लाख कॉलन्या हा पुस्तकी आकडा. ज्या बाईला ठळक लक्षणं आहेत तिच्यात हजारही अर्थपूर्ण असू शकतात, म्हणून रिपोर्ट आणि लक्षणं एकत्र वाचायची. उलट, लक्षण काहीच नाही आणि कल्चरमध्ये जंतू, अशा वृद्ध बाईला उपचार लागत नाहीत. गर्भवती हा अपवाद, तिला लक्षण नसलं तरी उपचार लागतात.

जंतू कोणता तेही पाहा. वर सांगितलेला चिकटण्याचा खेळ मुख्यतः ई. कोलायचा आहे. पुन्हा पुन्हा प्रोटियस हा जंतू येत असेल तर क्रॅनबेरी बाजूला ठेवा आणि सोनोग्राफी करा: तो युरिया फोडून लघवी अल्कधर्मी करतो आणि संसर्गाचे खडे बनवतो. अशा लघवीचा पीएच ८ असतो आणि तिला इ सिरप देणं म्हणजे आगीत तेल.

आपल्या देशात आणखी एक: पस सेल्स भरपूर, साधं कल्चर दरवेळी निर्जंतुक, महिनोन्महिने जळजळ. अशा वेळी मूत्रमार्गाच्या क्षयरोगाचा विचार व्हायला हवा. सकाळच्या पहिल्या लघवीचे लागोपाठ तीन दिवसांचे नमुने त्यासाठी देतात. क्रॅनबेरी आणि अल्कलायझरवर वर्ष काढलेले असे रुग्ण येतात तेव्हा एखादी किडनी आकसलेली असते.

---

पथ्यपाणी:

रस आणि सुक्या क्रॅनबेरीबद्दल, कारण "गोळी नको, नैसर्गिक द्या" म्हणणारेही येतीलच.

अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध यंत्रणेने) जुलै २०२० मध्ये जी मर्यादित दाव्याची मुभा दिली ती दोनच गोष्टींना: किमान २७ टक्के क्रॅनबेरी रस असलेलं पेय रोज २४० मिलि, किंवा फळाची भुकटी रोज ५०० मिग्रॅ. दोन्हीकडे "पुरावा मर्यादित" असं लिहिणं बंधनकारक, आणि दावा फक्त आधी संसर्ग झालेल्या निरोगी स्त्रियांपुरता. (चाचणीनळी यांच्या हिशेबाने ५०० मिग्रॅ भुकटीत ३६ मिग्रॅ पॅक बसत नाही, हे बरोबर. एफडीएने पॅक मोजलेलंच नाही, अभ्यासात वापरलेली मात्रा उचलली आहे.)

त्या २४० मिलि गोड पेयात २५ ते ३० ग्रॅम साखर, म्हणजे सहा चमचे. डायबेटिस असेल तर विषय संपला. आपल्याकडच्या बऱ्याच खोक्यांत क्रॅनबेरीपेक्षा सफरचंदाचा किंवा द्राक्षाचा रस जास्त असतो, घटकांच्या यादीतला क्रम वाचा. सुक्या क्रॅनबेरीत १०० ग्रॅमला ७० ग्रॅमच्या आसपास साखर. चिवड्यात, सॅलडमध्ये छान लागतात, त्यापलीकडे काही अपेक्षा नको.

सुट्या सुक्यामेव्यात क्रॅनबेरी म्हणून पाकवलेलं, रंगवलेलं करवंदही मिळतं. करवंद वेगळ्या कुळातलं, चिकाच्या झाडांचं. एप्रिल-मेमध्ये डोंगरची काळी मैना मनसोक्त खावी, पण तिच्यावर मूत्रसंसर्गाचे असे अभ्यास झालेले नाहीत. धण्याचं पाणी, जवाचं पाणी, सब्जा: पोटात पाणी जातं तेवढा फायदा पक्का.

डायबेटिसच्या रुग्णांबद्दल एक: डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याला बाहेरच्या बाजूला खाज, लाली, दह्यासारखा स्राव असेल तर ती बहुधा बुरशी आहे. या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात, बुरशीला मेजवानी. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यापासून ती घराघरात पोचली आहे. इथे क्रॅनबेरीचा काही उपयोग नाही, पण मागायला येतात त्याच.

---

काउंटरमागून:

सगळ्यांचे आभार. म्हणजे इ माझ्याकडून चिठ्ठीशिवाय बंद, अ परत. आ च्या कंपनीकडे डीमॅकचं प्रमाणपत्र मागितलं आहे. अजून दोन शंका. गर्भवती बाईने फक्त रस मागितला तर? आणि गोळ्या उघड्या बाटलीत येतात, पावसाळ्यात त्यांचा गोळा होतो, तो माल द्यावा का?

---

निशिगंध_यूरो:

रस अन्न म्हणून प्यायला हरकत नाही, पण आधीच छातीत जळजळत असेल तर वाढेल, आणि साखरेचं वर आलंच आहे. मुख्य म्हणजे ती तो का मागतेय ते विचारा. जळजळ आहे म्हणून मागत असेल तर रस न देता त्याच दिवशी कल्चर आणि तिची डॉक्टर. लक्षण नसेल तरी गरोदरपणाच्या सुरुवातीला एकदा कल्चर झालंय का ते विचारायला विसरू नका. पुष्कळ ठिकाणी नुसती लघवीची साधी (रूटीन) तपासणी करून सोडतात.

---

चाचणीनळी:

गोळा झालेला माल परत करा. क्रॅनबेरीची भुकटी हवेतलं पाणी पटकन ओढते. ओल आणि उष्णतेत पॅक एकमेकांना आणि प्रथिनांना चिकटून बसतं, म्हणजे लेबलवरचं ३६ प्रत्यक्षात उरत नाही. जूनपासून ब्लिस्टर पॅकिंगच मागवा, ते नसेल तर तीस गोळ्यांच्या वर बाटली नको, आतली सिलिका पुडी काढून टाकू नका असं गिऱ्हाइकाला सांगा. आणि ती फ्रिजवर किंवा गॅसशेजारच्या फळीवर ठेवतात, तसं नको.